कागदावर नसलेल्या बहिणी

आमच्या वाचनगटात दर दोन महिन्यांनी एक भांडण होतंच, यावेळचं चिनी बहिणींवरून झालं. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत एका ठरावीक साच्याच्या ऐतिहासिक कादंबऱ्या येतायत, शांघायमधल्या खाऊनपिऊन सुखी घरातल्या दोघी बहिणी, मग १९३७ चे जपानी हल्ले, पळापळ, बोट, कॅलिफोर्निया, परक्या देशात लाँड्रीत नाहीतर हॉटेलात राबणं, आणि दोघींमध्ये एक गुपित जे शेवटच्या पन्नास पानांपर्यंत कुणी तोंडातून काढत नाही. तसली एक मी गटाला सुचवली आणि नसती आफत ओढवून घेतली. गटातले एक काका, रिटायर्ड प्राध्यापक, म्हणाले की अगं ही आपली संध्याकाळी साडेसातची सिरियलच आहे, फक्त झगा चिनी घातलाय, इतिहास वाचायचा तर इतिहास वाच, गोष्ट वाचायची तर गोष्ट वाच, ही खिचडी कशाला, आणि पुरावा काय ह्या सगळ्याला?

पुरावा काय, हे मला घरी येईपर्यंत आणि आल्यावरही टोचत राहिलं. काकांचं अर्धं खरं आहे, ह्यातल्या बऱ्याच कादंबऱ्यांत फोडणी जास्त आणि डाळ कमी असते हे मीही मान्य करते. पण "पुरावा दाखवा" ही मागणी जिथे सगळ्यात आधी कोलमडते असा विषय शोधायचा झाला तर तो नेमका हाच आहे. तिथे सरकारी कागद हीच मुळात रचलेली गोष्ट होती, कायद्याने लोकांना ती रचायला लावली होती, आणि त्या रचलेल्या गोष्टीतसुद्धा मुलींना जागा नव्हती. म्हणून ह्या बहिणींच्या बाबतीत मला कादंबरी हवीच आहे, आणि हवीच आहे म्हणून तिच्यावर मी काकांपेक्षा जास्त कडक आहे.

आधी थोडं मागचं सांगते, कारण कायदा कळला नाही तर बाकी काहीच कळत नाही.

कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर १८५० च्या आसपास दक्षिण चीनमधले लोक तिकडे जायला लागले, त्यातले बरेचसे एकाच टापूतले, पर्ल नदीच्या मुखाजवळच्या ताईशान आणि आसपासच्या तालुक्यांतले. ते अमेरिकेला "सोन्याचा डोंगर" म्हणायचे. मग खाणी, मग रेल्वे, १८६९ साली पूर्ण झालेल्या त्या आरपार रेल्वेसाठी दहा-पंधरा हजार चिनी मजूर राबले, आणि काम संपल्यावर हेच लोक गोऱ्यांच्या डोळ्यात खुपायला लागले. पण पहिला फटका पुरुषांना बसला नाही हे लक्षात ठेवा. १८७५ चा पेज कायदा आला तो बायकांवर, चीनकडून येणारी बाई "अनैतिक धंद्यासाठी" आणलेली नाही ना हे तपासायचा कायदा, आणि तपासायचं म्हणजे काय तर हाँगकाँगमध्ये बोटीवर चढायच्या आधीच तिच्यावर संशय घ्यायचा आणि तो फेडायची जबाबदारी तिच्यावर. मजुरांवर बंदी घालणारा कायदा त्यानंतर सात वर्षांनी आला, १८८२ ला. १८९० च्या जनगणनेत अमेरिकेत चिनी पुरुष एक लाख तीन हजारांवर आणि चिनी बायका चार हजारसुद्धा नाहीत. सत्तावीस पुरुषांमागे एक बाई! बाकीच्या बायका गावाकडे, नवरा जिवंत असून विधवेसारख्या.

आता इथून ती कागदाची गंमत सुरू होते, गंमत कसली.

१८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि मागोमाग आग लागली, शहराचं रेकॉर्ड ऑफिस जळलं, जन्मदाखले गेले. झालं, आता कुणीही चिनी माणूस म्हणू शकत होता की माझा जन्म इथलाच, दाखला आगीत गेला, खोटं आहे तर सिद्ध करा. आणि जन्मानं नागरिक ठरला की त्याची चीनमधली मुलंही नागरिक. मग पठ्ठ्या गावाकडे जाऊन यायचा आणि परत येताना बंदरावर सांगायचा, मला मुलगा झाला. झाला असेल किंवा नसेल. कागदावर एक जागा तयार व्हायची आणि ती जागा पुढे शेजाऱ्याच्या, भाच्याच्या, किंवा पैसे मोजणाऱ्या कुणाच्याही पोरासाठी वापरायची. वयाच्या दर वर्षामागे साधारण शंभर डॉलर असा भाव सांगतात. ह्यांना नाव पडलं कागदी मुलगे. मला ह्यात काडीचाही गुन्हा दिसत नाही, दारच बंद केल्यावर माणूस खिडकी शोधणारच.

पण त्यात एक तपशील आहे जो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. परत येऊन नोंद करताना बाप मुलगेच सांगायचे. मुलगी झालेली असली तरी मुलगा झाला म्हणून सांगायचे, कारण मुलाची जागा कामाची, मुलीची जागा कोण विकत घेणार? म्हणजे कागदावर हजारो नसलेले भाऊ जन्माला आले आणि असलेल्या बहिणी गायब झाल्या. आपल्याकडे सात-बाऱ्यावर बहिणींचं नाव कसं अलगद निसटतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

सरकारलाही हे कळत होतंच. म्हणून १९१० ला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंडवर परदेशातून येणाऱ्यांच्या तपासणीचं स्टेशन उघडलं. तिथे पोचल्यावर आधी डॉक्टर, कपडे उतरवून तपासणी, जंत आहेत का बघायला शौचाचा नमुना, मग बायका एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे, नवरा-बायकोनीसुद्धा चौकशी संपेपर्यंत भेटायचं नाही. आणि मग ती चौकशी. तुमच्या घराचं तोंड कुठल्या दिशेला? दारापाशी पायऱ्या किती? तांदळाचा हंडा कुठे ठेवता? दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं, त्याची बायको जिवंत आहे का, तिचे पाय लहानपणी बांधून छोटे ठेवलेले होते का? हेच प्रश्न शहरातल्या बापाला वेगळं बसवून, हेच प्रश्न भावाला, आणि उत्तरं ताडून बघायची. लोक बोटीवर आठवडेच्या आठवडे पाठांतर करायचे, गावाचे नकाशे असलेल्या वह्या घोकायचे आणि किनारा दिसला की त्या समुद्रात टाकायचे. बेटावर पोचल्यावर नवीन माहिती हवी असली तर स्वैपाकघरातल्या माणसांमार्फत चिठ्ठ्या यायच्या, शेंगांच्या टरफलात लपवून वगैरे.

आता जरा विचार करा, तुमच्या आजोळच्या घराला पायऱ्या किती होत्या? मला आठवत नाही. मी खरीच नात आहे, तरी नापास झाले असते, आणि पाठ करून आलेला कागदी नातू पास. खऱ्या नात्यालासुद्धा खोट्यासारखं घोकून यावं लागायचं, कारण परीक्षा घोकणाऱ्याच्या मापाने काढलेली होती.

ह्या चौकश्यांचे कागद सॅन ब्रुनोला नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या अगदी बाजूला. नातवंडं-पणतवंडं जाऊन फायली उघडतात आणि त्यांना काय सापडतं, तर आजोबांनी तोंडपाठ म्हटलेली गोष्ट, टाइप करून, सही-शिक्क्यानिशी. काका, हा तुमचा पुरावा! शंभर टक्के अस्सल कागद आणि त्यावरचं आडनावसुद्धा खोटं. कॅलिफोर्नियातल्या जुन्या चिनी कबरींवर हे दगडात कोरलेलं दिसतं, इंग्रजीत कागदी आडनाव आणि चिनी अक्षरांत खरं, एकाच दगडावर दोन माणसं असल्यासारखी.

बायकांच्या फायली तर अजून अवघड. क्वोक शी नावाची एक बाई १९१६ च्या सप्टेंबरात एका वयस्कर चिनी वैद्य-व्यापाऱ्याची बायको म्हणून आली, दोघांची उत्तरं जुळली नाहीत म्हणून तिला बेटावर ठेवलं आणि ती १९१८ च्या ऑगस्टमध्ये सुटली. जवळजवळ दोन वर्षं, एका बेटावर, जिथून समोर शहर दिसतं. तिची फाइल जाडजूड आहे आणि त्यात तिचं स्वतःचं असं काहीच नाही, जे आहे ते विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर, तेही दुभाष्याच्या तोंडून. तिला काय वाटत होतं, तो माणूस तिचा नवरा होता का मालक होता, रात्री ती कुणाशी बोलायची? इतिहासकार इथे थांबतो, त्याने थांबायलाच हवं. पुढे कुणीतरी जावं असं मला वाटतं, आणि पुढे जाणाऱ्याला आपण कादंबरीकार म्हणतो.

ह्यावर कुणी म्हणेल की अहो त्या बेटावरच्या भिंतींवर कविता आहेत ना, त्या तर लोकांनी स्वतःच्या हाताने लिहिल्यात. आहेत. लाकडी भिंतींवर कोरलेल्या, दोनशेच्या वर, घरची आठवण, संताप, बदला घेईन वगैरे. त्या इमारती पाडायच्या बेतात होत्या, १९७० ला एका पार्क रेंजरच्या नजरेला ती अक्षरं पडली म्हणून वाचल्या. पण त्या सगळ्या पुरुषांच्या बराकीत आहेत. बायकांना मुख्य ऑफिसच्या इमारतीत ठेवायचे आणि ती इमारत १२ ऑगस्ट १९४० ला जळाली. बायकांनी भिंतीवर काही लिहिलं असेल तर ते त्यात गेलं.

म्हणजे बघा, एक आग १९०६ ची, तिने पुरुषांना कागद मिळवून दिला. दुसरी १९४० ची, तिने बायकांची भिंत नेली. हे मी कादंबरीत वाचलं असतं तर म्हणाले असते की लेखक जरा जास्तच जुळवतोय.

ह्या सगळ्यामुळे मला आपल्याकडचा ऐतिहासिक कादंबरीवरचा नेहमीचा वाद इथे लावून बघावासा वाटतो. आपला वाद नेहमी मोठ्या माणसांवर असतो, राजे, पेशवे, सरदार, आणि तिथे कागद ढिगाने आहेत, दप्तरं आहेत, बखरी आहेत, मोडी वाचणारे आहेत, त्यामुळे कादंबरीकाराने एक प्रसंग इकडचा तिकडे केला की आपण लगेच विकृतीकरण म्हणून बोंब मारतो, आणि काही वेळा ते बरोबरही असतं. आनंदीबाई जोशींवर आपल्याकडे गाजलेली कादंबरी आहे, पण आनंदीबाईंची पत्रं होती, त्यांना भेटलेल्या लोकांनी लिहून ठेवलेलं होतं, तिथे कादंबरीकाराला पायाखाली जमीन होती. आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या जून १८८३ मध्ये, चिनी बंदीचा कायदा होऊन जेमतेम एक वर्ष झालेलं. कार्पेंटरबाईंनी त्यांना घरच्या मुलीसारखं ठेवून घेतलं, फिलाडेल्फियाच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली, १८८६ ला डॉक्टर झाल्या. त्याच वर्षांत तिकडे पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्या वयाची चिनी मुलगी उतरली तर पहिला प्रश्न तिच्या चारित्र्याबद्दल. आनंदीबाईंचं धाडस ह्याने कमी होत नाही. पण तेव्हा कायद्यात नाव चिन्यांचं होतं, आपलं यायचं होतं. (आलंच, १९१७ ला, आपला अख्खा देश बंदीच्या पट्ट्यात टाकला.)

बरं, खऱ्या बहिणी हव्यात काकांना, तर घ्या. सुंग घराण्यातल्या तिघी, आयलिंग, चिंगलिंग, मेलिंग, ज्यांच्याबद्दल चीनमध्ये म्हणतात की एकीचं प्रेम पैशावर, एकीचं देशावर आणि एकीचं सत्तेवर. बाप बक्कळ श्रीमंत, ख्रिस्ती, स्वतः अमेरिकेत शिकलेला. थोरली आयलिंग १९०४ ला शिकायला सॅन फ्रान्सिस्कोला आली, चौदा-पंधरा वर्षांची पोर, बापाने खबरदारी म्हणून मकावचा पोर्तुगीज पासपोर्ट काढून दिलेला. गोव्याच्या वाचकांना पोर्तुगीज पासपोर्टची किंमत मी काय सांगणार! पण चेहरा चिनी, त्यामुळे तिला उतरूच दिलं नाही, जवळजवळ तीन आठवडे बंदरातल्या बोटींवर अडकवून ठेवलं. दोन वर्षांनी ती मावशीच्या नवऱ्याबरोबर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना भेटली तेव्हा तिने हे त्यांच्या तोंडावर काढलं असं सांगतात. आणि धाकटी मेलिंग, ती चीनचा तेव्हाचा सर्वेसर्वा चांग कै-शेक, त्याची बायको म्हणून १८ फेब्रुवारी १९४३ ला अमेरिकन संसदेत भाषण करते, सगळे उभे राहून टाळ्या, डिसेंबरात बंदीचा कायदा रद्द, आणि त्याबदल्यात चिन्यांना कोटा किती, तर वर्षाला १०५. ही तिघींची गोष्ट कागदावर आहे कारण त्या सुंग होत्या. त्याच बंदरात अडकलेल्या इतर पोरींचं काय?

दुसरी जोडी घ्या, वाँग बहिणी. अ‍ॅना मे वाँग, लॉस एंजेलिसमध्ये लाँड्रीवाल्याच्या घरात १९०५ ला जन्मलेली, हॉलिवूडची पहिली चिनी-अमेरिकन स्टार. जन्मानं अमेरिकन असूनही देशाबाहेर जाताना तिला दरवेळी एक फॉर्म भरावा लागायचा, फॉर्म ४३०, आणि त्या फॉर्मच्या नावातच "चिनी वंशाचा कथित अमेरिकन नागरिक" असं होतं. कथित! पेपरात चोराच्या आधी लावतात तो शब्द. १९३७ साली चिनी शेतकऱ्यांवरचा एक भला मोठा सिनेमा आला, त्यात चिनी नायिकेचं काम दिलं युरोपातून आलेल्या गोऱ्या नटीला, तिला ऑस्करही मिळालं, आणि अ‍ॅना मेच्या धाकट्या बहिणीला, मेरीला, त्यात बारीकसा रोल. मेरीने १९४० ला आत्महत्या केली. अ‍ॅना मेचा चेहरा आता पाव डॉलरच्या नाण्यावर आहे, मेरीबद्दल दोन ओळींच्या पुढे काही सापडत नाही. मला जर कुणी म्हणालं की ह्या विषयावर कादंबरी लिही, तर मी मेरीपासून सुरुवात करीन.

आता काकांच्या अर्ध्या बरोबर म्हणण्याकडे येते. ह्या कादंबऱ्यांत माझंही डोकं कुठे फिरतं, तर कायदा नेपथ्यासारखा मागे टांगलेला असतो आणि पुढे दोघी बहिणी रेशमी चाँगसाम घालून एकमेकींवर जळत असतात. शांघायच्या त्या जाहिरातींच्या कॅलेंडरवरच्या सुंदऱ्या, सिगरेट नि साबण विकणाऱ्या, त्या तर प्रत्येक कव्हरवर. बांधलेले पाय, चहाचे कप, कंदील, आज्जीची म्हण, मग बलात्कार, मग मुकाट सोसणं, मग शेवटी अश्रू आणि माफी. हे म्हणजे चायना सिटी झालं. चायना सिटी काय ते सांगते. लॉस एंजेलिसचं जुनं चायनाटाउन रेल्वे स्टेशन बांधायला पाडलं, आणि १९३८ ला एका गोऱ्या बाईच्या डोक्यातून टुरिस्टांसाठी एक खोटं चायनाटाउन उभं राहिलं, आत त्याच वर सांगितलेल्या सिनेमाचे सेट आणून बसवलेले, रिक्षा ओढायला खरे चिनी. म्हणजे खऱ्या लोकांचं खरं घर पाडून त्यांनाच खोट्या चीनमध्ये पगारी चिनी म्हणून उभं केलं. ह्यावर चांगली कादंबरी एकच गोष्ट करू शकते, त्या रिक्षावाल्याची संध्याकाळ दाखवू शकते, तो घरी जाऊन काय खातो आणि बायकोला काय सांगतो. वाईट कादंबरी टुरिस्टाला रिक्षात बसवून फिरवून आणते. दोन्ही प्रकार बाजारात आहेत आणि कव्हरवरून ओळखू येत नाहीत, हा खरा त्रास आहे.

आणि ते गुपित, ज्याला काका सिरियल म्हणतात, तिथे मात्र मी त्यांच्याशी भांडणार. बहिणी एकमेकींपासून, आईबाप पोरांपासून, आयुष्यभर काहीतरी लपवतात हे त्या घरांत मसाला म्हणून घातलेलं नाही. पोराला खरं आडनाव सांगितलं आणि ते शाळेत बोललं तर अख्खं घर देशाबाहेर जायचं. १९५६ ला सरकारने कबुलीजबाबाची योजना काढली, खरं सांगा, तुमचे कागद नीट करून देऊ, पण एकाने खरं सांगितलं की त्या कागदावर आलेले सगळे उघडे पडायचे, चुलते, भाऊ, गाववाले, आणि वर कम्युनिस्ट म्हणून संशय होताच. म्हणजे एका बहिणीचं खरं बोलणं हे दुसऱ्या बहिणीला घालवणं. आपल्या सिरियलीत कानातला डूल हरवल्यावरून दोनशे एपिसोड होतात, इथे खरोखरच एका वाक्यावर घर उभं होतं. चूक लेखकांची एवढीच की ते गुपित प्रेमाबिमाचं करून टाकतात, ते कागदाचं ठेवलं असतं तर अंगावर काटा आला असता.

माझी ताई फ्रीमॉंटला राहते, अठरा वर्षं झाली. मागच्या खेपेला गेले तेव्हा मी हट्टाने सगळ्यांना टिब्युरॉनहून फेरीने एंजल आयलंडला नेलं, ताईच्या मते ते पिकनिकचं ठिकाण, ती दोनदा जाऊन आलेली पण स्टेशनकडे कधी फिरकली नव्हती, भेळ करून घेतली होती डब्यात. बराकीत भिंतीवरची अक्षरं बघितली, बंक बघितले, तीन-तीन मजली, आणि बाहेर येऊन ती जळालेली इमारत जिथे होती त्या मोकळ्या जागेपाशी बसून भेळ खाल्ली. तिथे ताई म्हणाली, वाईट वाटतं गं, पण एक आहे, आपण सगळे कागद नीट भरून आलो, आपलं आणि ह्यांचं वेगळं.

हे वाक्य मी तिकडच्या मराठी घरांत इतक्या वेळा ऐकलंय. आम्ही लाइनीत उभे राहून आलो. बरोबर आहे, पण लाइन होती म्हणून उभे राहिलात ना? १९१७ ते १९४६ आपल्याला लाइनच नव्हती. त्याच बेटावर १९१० ते १९४० मध्ये आलेल्या सगळ्या लोकांत परत पाठवायचं प्रमाण सगळ्यात जास्त कुणाचं होतं माहितीय का, चिन्यांचं नाही, आपलं, हिंदुस्थानातून आलेल्यांचं. चिन्यांकडे निदान वकील होते, गावकीच्या संस्था होत्या, आपल्या लोकांच्या मागे कुणी नव्हतं. १९२३ ला भगतसिंग थिंड नावाचे एक पंजाबी गृहस्थ नागरिकत्वासाठी सुप्रीम कोर्टात गेले की मी उच्च जातीचा आर्य, म्हणजे गोराच, तेव्हा कोर्ट म्हणालं सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही, विषय संपला. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, मग सरकार पंडितांचंही नागरिकत्व काढायला निघालं, ते मात्र लढून जिंकले. जातीचं सर्टिफिकेट तिकडे चालेल असं आपल्याला वाटलं होतं, ह्याच्यावरही एक कादंबरी व्हायला हवी खरं तर, विनोदी.

आणि ताईची मुलगी जन्मली तेव्हा ताई-भावजी एच-वन, एच-फोरवर होते. पोरगी जन्मानं अमेरिकन का, तर वाँग किम आर्क नावाच्या एका स्वैपाक्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मला, चीनला जाऊन १८९५ ला परत आला तर त्याला उतरू देईनात, तो कोर्टात गेला आणि १८९८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इथे जन्मला तो इथला. जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच दिवशी हुकूम काढला, तात्पुरत्या व्हिसावरच्या आयांची मुलंही, बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला नसेल तर, आपोआप नागरिक नाहीत. कोर्टांनी अडवला, पण त्या आठवड्यात ताईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो गोंधळ झाला, दिवस गेलेल्या मुली विचारतायत माझी तारीख अमुक आहे तर काय होईल, तेव्हा ह्या स्वैपाक्याचं नाव पहिल्यांदा आमच्या ताईने टाइप केलं. आपलं आणि ह्यांचं वेगळं म्हणता म्हणता आपण एकशेसत्तावीस वर्षं त्याच्याच जिवावर.

हे सगळं अमेरिकेलाच सुनावून मोकळं व्हायचं कारण नाही. माझगावला नवाब टँकजवळ एक छोटं चिनी देऊळ आहे, सी यप लोकांचं, १९१९ चं. सी यप म्हणजे चार तालुके, ताईशान आणि त्याचे शेजारी, तेच ज्यांच्यातून कॅलिफोर्निया भरली. म्हणजे एकाच गावातून एक भाऊ सोन्याच्या डोंगराला गेला आणि एक मुंबईच्या गोदीत आला असणार. १९६२ ला चीनशी युद्ध झाल्यावर आपण काय केलं, तर आसाम, बंगालमधली चिनी वंशाची सुमारे तीन हजार माणसं, पोराबाळांसकट, गाडीत भरून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवली, कित्येक वर्षं. त्यात इथेच जन्मलेले होते, हिंदी-असमिया बोलणारे होते. "कथित भारतीय" असा फॉर्म आपण छापला नाही इतकंच. आणि हे आपल्यापैकी किती जणांना शाळेत शिकवलं? आसाममध्ये निदान २०१० साली एका लेखिकेने माकूमच्या ह्या चिनी कुटुंबांवर असमियात कादंबरी लिहिली, लोक हादरले, मग लोक बोलायला लागले, पेपरात यायला लागलं. इतिहासाच्या पुस्तकाने इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते एका कादंबरीने केलं. आधी गोष्ट आली, मग पुरावा द्यायला माणसं पुढे आली. हे काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हं, आणि चहा मागवला.

काकांनी शेवटी विचारलं की मग तुझी मागणी काय, एका वाक्यात सांग. एका वाक्यात येत नाही. पण पायऱ्या किती हे लेखकाला माहीत हवं. तांदळाचा हंडा कुठे आहे ते माहीत हवं, कुठल्या साली कुठली बायको येऊ शकत होती आणि कुठली नाही ते माहीत हवं, आणि मग बहिणींच्या मनात काय चाललं होतं ते खुशाल बनवा, तो भाग जळालाच आहे. नेमकं उलटं होतं म्हणून मी भांडते, मनातलं सगळं गुळगुळीत माहीत असतं आणि कायदा धूसर.

भेळ खाताना भाचीने ताईला विचारलं होतं की मावशीला आणि तुला इथे वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले असते तर तुम्ही पास झाला असतात का. आम्ही हसलो, आणि मग खरंच खेळून बघितलं. वाड्याच्या जिन्याला पायऱ्या किती, ताई म्हणाली अकरा, मी म्हटलं चौदा. पाण्याचा पिंप कुठे, ह्यावर दोघी ठाम आणि दोन वेगळ्या कोपऱ्यांत. आजीच्या शेजारच्या बिऱ्हाडात कोण राहायचं ते ताईला आठवत होतं, मला ते बिऱ्हाडच आठवत नव्हतं. मग मला आठवलं की तिच्या पासपोर्टवर बाबांच्या नावात एक ए जास्त आहे, लग्नानंतर आडनाव तर बदललेलंच, आणि आईचं नाव माझ्या दाखल्यावर माहेरचं पडलंय, कारकुनाच्या कृपेने. कागदावर आम्ही दोघी एकमेकींच्या कुणीच लागत नाही. ताईने तिच्या बाजूचं ॲफिडेव्हिट केव्हाच करून ठेवलंय, सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत म्हणून. माझं अजून राहिलंय.